राखणीचा हिशेब

नाशिकच्या पांडवलेण्यांतले दहावे लेणे उषवदाताने कोरवले. हा क्षत्रप नहपानाचा जावई. या लेण्यातला ४२व्या वर्षाचा लेख लेणे भिक्षुसंघाला दिल्याचे सांगतो आणि तेवढ्यावर न थांबता पैशाकडे वळतो. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी, ते कोणत्याही पंथाचे आणि कुठलेही असोत, तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, ठेवली आहे. ठेव जवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे आहे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचे नाही, खायचे ते फक्त व्याज. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, हजाराच्या व्याजातून बाकीचा किरकोळ खर्च भागावा. ही सगळी व्यवस्था निगमसभेत जाहीर केली गेली आणि नोंदणीच्या कचेरीत रीतीप्रमाणे चढवली गेली.

आता आकडे मांडून पाहावेत. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण. वीस भिक्षू गुणिले बारा, म्हणजेही २४०. एक नाणे उरत नाही, एक कमी पडत नाही. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब वाचताना जाणवते, की दात्याने आधी रक्कम ठरवून मग ती कुठे खर्चावी याचा शोध घेतलेला नाही. आधी माणसे मोजली, त्यांची वर्षाची गरज मोजली, आणि तेवढे व्याज देईल एवढे मुद्दल ठेवले. लेणे कोरायला किती खर्च आला, याचा आकडा या लेखात नाही. जे आकडे आहेत ते लेणे कोरून झाल्यानंतरच्या खर्चाचे आहेत.

वारसा जपण्यासाठी पैसा कसा द्यावा, या प्रश्नाकडे मी या लेखाच्या वाटेने येतो, कारण आज आपण नेमके उलटे करतो. जीर्णोद्धार झालेल्या एखाद्या वाड्याबाहेरचा, घाटावरचा किंवा बारवेजवळचा फलक वाचावा. योजनेचे नाव, मंजूर रक्कम, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, कंत्राटदार, उद्घाटक हे सगळे त्यावर असते. पुढच्या पावसाळ्यात छतावर उगवलेले पिंपळाचे रोप कोण उपटणार आणि त्याची मजुरी कोण देणार, हे मात्र त्यावर नसते. फलकावर नसते कारण प्रस्तावातही नव्हते. आणि प्रस्तावात नव्हते कारण प्रस्तावाच्या नमुन्यात तो रकानाच नव्हता. पाच वर्षांनी तेच रोप भिंत फोडते. मग पुन्हा प्रस्ताव, पुन्हा अंदाजपत्रक, पुन्हा उद्घाटन. दुरुस्तीसाठी लाखो मिळतात आणि झाडलोटीसाठी शेकडोही मिळत नाहीत, असे हे अर्थकारण आहे.

उषवदाताच्या योजनेत आणखी एक शहाणपण आहे. पैसा विणकरांकडे आहे, म्हणजे तो पेटीत पडून राहिलेला नाही. गावच्या मागावर फिरतो आहे. विणकरांचा धंदा चालला तर भिक्षूंना वस्त्र मिळणार. वस्त्राचा पैसा विणकरांकडेच ठेवावा, हा मला योगायोग वाटत नाही. याच लेण्यात पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेवी ठेवल्या. त्या घेणाऱ्यांत तेल काढणाऱ्यांची श्रेणीही होती. लेणे डोंगरावर, ते राखणारा पैसा डोंगराखालच्या बाजारात, आणि दोघांना बांधणारा करार भिंतीवर सर्वांना दिसेल असा. एखादी वास्तू ‘समाजाची’ असते म्हणजे काय, याचे याहून नेमके वर्णन मला सुचत नाही. तिच्या निगेत शेजाऱ्यांचा व्यवहार गुंतलेला असला की ती समाजाची होते. शेजाऱ्यांनी फक्त अभिमान बाळगायचा असेल, तर ती त्यांची झालेली नसते.

त्याच डोंगरावरच्या तिसऱ्या लेण्यात दोन राजाज्ञा आहेत. नहपानाचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीच्या त्या आज्ञा. त्याने शत्रूच्या नाण्यांचे काय केले ते १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभीत सापडलेल्या साठ्यावरून कळते. तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाण्यावरचे नाव त्याने पुसले, पण डोंगरावरच्या भिक्षूंना मिळणारे दान थांबवले नाही. आपल्या कारकिर्दीच्या १८व्या वर्षी वैजयंतीच्या छावणीतून त्याने गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवली: पूर्वी उषवदाताकडे असलेले काखडी गावचे शेत या भिक्षूंना द्यावे. त्या शेताला सवलतीही जोडल्या. राजाच्या माणसांनी तिथे शिरू नये, मिठासाठी खणू नये, ढवळाढवळ करू नये.

सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, राजा आणि राजमाता यांची दुसरी आज्ञा निघाली. त्या आज्ञेत कबुली आहे, की काखडीत दिलेले ते शेत कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही. म्हणून आता नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या जमिनीतून शंभर निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) द्यावीत.

भारतातल्या दानलेखांत पराक्रमाची, वंशाची, पुण्याची वर्णने विपुल आहेत. आपण दिलेले दान वाया गेले, हे दात्यानेच मान्य करून दगडात कोरून ठेवल्याचे हे उदाहरण मला त्या सगळ्यांहून मोठे वाटते. अनुदान मंजूर करणाऱ्या कुठल्याही कचेरीत ते लावून ठेवावे. कारण त्यामागे तीन गोष्टी घडलेल्या असणार: कुणीतरी सहा वर्षांनी जाऊन शेत पाहिले, पडीक शेताची बातमी वर पोचली, आणि वरच्याने ती भिक्षूंच्या आळशीपणाच्या खात्यावर न टाकता आपली व्यवस्था बदलली. आजच्या अनुदानात तपासणी असते, ती पावत्यांची. उपयोगिता प्रमाणपत्र जोडले, फोटो जोडले, लेखापरीक्षण झाले की फाइल बंद होते. पैसा नियमाने खर्च झाला का, याचे उत्तर फाइलमध्ये असते. शेत पिकते आहे का, याचे नसते. आणि मार्चअखेर निधी परत जाईल या धाकाने घाईघाईत ओतलेले सिमेंट तर कोणत्याही प्रमाणपत्रात दिसत नाही.

या प्राचीन दानांचा मी गौरव करतो आहे, पण त्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावे म्हणून दिलेली दाने चंद्रसूर्याआधी कितीतरी संपली. ठेव घेणाऱ्या श्रेणी विरल्या, भिक्षू गेले, लेणी पांडवांच्या नावावर चढली. मध्ययुगात देवळांच्या दिवाबत्तीसाठी, मशिदी-दर्ग्यांच्या खर्चासाठी इनाम जमिनी दिल्या गेल्या. त्यांचे उत्पन्न पुढे कुणाच्या घरात गेले, याची भांडणे आजही कचेऱ्यांत चालू आहेत. १८५२च्या कायद्याने इंग्रजांनी इनाम कमिशनला बळ दिले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वहिवाटीला कागद मागितला. ज्यांच्याकडे सनद होती ते टिकले. ज्यांच्याकडे फक्त गावाची आठवण होती त्यांची जमीन गेली. कायम ठेव कायम राहत नाही. महागाई तिला कुरतडते, सत्ता तिला तपासते, विश्वस्त तिला विसरतात. म्हणून प्रश्न पैसा किती काळ टिकेल एवढाच नाही. देण्यामागचा हेतू काळाप्रमाणे कुणी आणि कसा बदलायचा, हाही आहे.

पुण्याच्या दक्षिणेचा इतिहास याच प्रश्नाचा आहे. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा देण्याची प्रथा पुढे पेशव्यांकडे आली आणि फार मोठी झाली. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. रक्कम कमी केली आणि तिचा काही भाग शिक्षणाकडे वळवला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेले संस्कृत विद्यालय या पैशावर चालले. मग १८४९मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सोबतच्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीतला काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. शहरात मोठा क्षोभ झाला. सुधारकांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले माणसे घेऊन उभे राहिल्याचा प्रसंग फुले चरित्रांत येतो. पुढे दक्षिणा प्राइज कमिटी आली, दक्षिणा फेलोशिप आली. ती मिळालेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते.

निधी तोच, पण त्याची पात्रता बदलली आणि तिच्याबरोबर महाराष्ट्राच्या विद्येचा चेहरा बदलला. पैसा देणारा केवळ वारसा जपत नाही. वारसा कशाला म्हणायचे हे तो ठरवतो. म्हणून अनुदानाच्या नियमावर भांडण झाले तर त्याला क्षुद्र समजू नये. ते भांडण म्हणजे समाजाने आपल्या भूतकाळाची केलेली फेरमांडणी असते. १८४९च्या पुण्यात ते उघड्यावर झाले. आज अशा अटी एखाद्या समितीच्या बैठकीत ठरतात आणि आपण फक्त अर्जाची शेवटची तारीख वाचतो.

भांडारकरांच्या नावाने १९१७ साली उभ्या राहिलेल्या संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, त्यातूनही पैसा आणि काळ यांचे नाते कळते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कामासाठी एक लाख रुपयांचे वचन दिले. औंध हे छोटे संस्थान. त्याच्या मानाने हा आकडा धाडसाचा होता. १९१९ साली काम सुरू झाले. १९२५ साली विष्णु सीताराम सुखठणकर संपादक झाले. १९४३ साली ते गेले तेव्हा काम बरेच बाकी होते. बेलवलकर आले, मग प. ल. वैद्य आले. १९६६ साली ते पुरे झाले. सत्तेचाळीस वर्षे, बाराशेहून अधिक हस्तलिखिते, एकोणीस खंड. या काळात संस्थाने विलीन झाली, देश स्वतंत्र झाला, रुपयाची किंमत बदलली. मुंबई सरकार, अनेक संस्थानिक, विद्यापीठे यांच्या मदतीवर काम चालू राहिले. संस्थेच्या आवारातले अतिथिगृह हैदराबादच्या निजामाच्या देणगीतून उभे राहिले आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते.

आजच्या नियमांत हे काम बसले असते का? कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्चावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत राष्ट्रीय वारशाचे, कलासंस्कृतीचे रक्षण आहे. ही चांगलीच गोष्ट. पण सीएसआरचे चालू प्रकल्प सुरू झालेले वर्ष सोडून तीन वर्षांत संपले पाहिजेत. आणि जानेवारी २०२१च्या दुरुस्तीनंतर एखाद्या संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही. म्हणजे उषवदाताची अक्षयनीवी आजच्या हिशेबात धरलीच गेली नसती. नियमामागे कारण आहे: कायम निधीच्या नावाखाली पैसा नुसता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाऊन बसू नये. त्यातला संशय मला समजतो. पण चोरीचा दरवाजा बंद करताना आपण राखणीचाही दरवाजा बंद केला. तीन वर्षांत छत बदलता येते. तीन वर्षांत परंपरा सांभाळता येत नाही.

वारसा म्हणताच इमारत डोळ्यांसमोर येते, हाही पैशाचाच परिणाम आहे. इमारतीचे मोजमाप घेता येते, अंदाजपत्रक करता येते, आधीचा आणि नंतरचा फोटो लावता येतो. ओवीचे काय करायचे? गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीच्या डोंगराळ भागातून सुरुवात करून पुण्याच्या सहकारी संशोधन केंद्रामार्फत जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. गाणाऱ्या बायकांची नावे, गावे, जाती नोंदल्या गेल्या, पुढे बर्नार्ड बेल यांच्यासोबत त्यांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले. या कामाला पैसा मिळाला तो युनेस्को, नेदरलँड्सचे विकास-सहकार्य मंत्रालय आणि स्वित्झर्लंडमधली एक प्रतिष्ठानसंस्था यांच्याकडून. मराठी खेड्यातली बाई पहाटे दळताना जे गाते ते मोलाचे आहे हे ओळखायला पैसा दूर देशांतून यावा लागला. त्यात त्यांचा उदारपणा जेवढा आहे तेवढीच आपल्या नजरेची मर्यादाही आहे. गिरणी आल्यावर जाते थांबले आणि ओवीचे निमित्तच गेले. तिचा जीर्णोद्धार करता येत नाही; गळा असताना नोंद करावी लागते. अशा कामाला अनुदान वेळेवर हवे, मोठे नसले तरी चालेल.

याउलट नको तिथे पैसा आल्याने झालेली हानी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. गावोगावच्या हेमाडपंती देवळांना लोकवर्गणीतून ऑइलपेंट लागला, गाभाऱ्यात संगमरवरी फरश्या आल्या, दगडी खांबांना चकचकीत टाइल चढल्या. चुन्यात बांधलेल्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की भिंतीचा श्वास कोंडतो. आत शिरलेले पाणी चुन्यावाटे बाहेर पडायचे, ते आता दगडातून वाट काढते, क्षार बाहेर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. वर्गणी देणाऱ्यांची भक्ती खरी असते, म्हणून हे नुकसान अधिक वाईट वाटते. चुना मळणारा गवंडी शोधायला आणि त्याच्या हाताखाली गावातली दोन पोरे शिकवायला त्या वर्गणीतला थोडासा भाग पुरला असता. वारशासाठीचा पहिला रुपया दगडावर घालू नये, दगड जाणणाऱ्या माणसावर घालावा.

चांगली उदाहरणेही आहेत. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची १८७२ सालची वास्तू मुंबई महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इंटॅक यांच्या २००३च्या करारातून दुरुस्त झाली आणि २००८मध्ये पुन्हा उघडली. दुरुस्तीची वाहवा पुष्कळ झाली, २००५ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की करार केवळ दुरुस्तीचा नव्हता. त्यानंतर संग्रहालय चालवायचे कुणी आणि कसे, हेही त्यात बांधलेले होते. दुसऱ्या टोकाला गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या बारवांमधला गाळ काढणारी तरुण मंडळी आहेत. त्यांच्याकडे निधी जवळजवळ नसतो, फावडी असतात. महाशिवरात्रीला त्या बारवांत दिवे लावले जातात आणि गावाला पहिल्यांदा कळते, की कचरा टाकायची ही जागा पूर्वजांनी पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेले पाणी होते. पहिल्या उदाहरणात पैसा होता आणि जबाबदारी लिहून ठेवली होती. दुसऱ्यात पैसा नसूनही जबाबदारी कुणीतरी अंगावर घेतली. जिथे केवळ पैसा आला, तिथे काहीच उरले नाही.

केंद्र सरकारने १९९६ साली राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापला, २०१७ साली स्मारके ‘दत्तक’ देण्याची योजना आणली. पुढच्या वर्षी लाल किल्ल्यासाठी एका उद्योगसमूहाशी पाच वर्षांत पंचवीस कोटींचा करार झाला तेव्हा देशभर वाद झाला. वादाचा सूर होता, की किल्ला विकला का? तो विकला नव्हता. पण अशा योजनांचा भर पर्यटकाच्या सोयींवर असतो: स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, दिवे, माहितीफलक. सोयी हव्यातच. प्रश्न एवढाच, की केंद्राने संरक्षित केलेल्या सुमारे ३,७०० स्मारकांपैकी ज्यांना पर्यटकच नाहीत, त्यांना दत्तक घेणारा पालक कोण? आणि ज्या वीरगळी, सतीशिळा, वाडे, बारवा कोणत्याच यादीत नाहीत, त्यांचे काय? त्यांना मिळालाच तर गावाचा आधार मिळेल, आणि गावाला तो देता यावा अशी छोटी, सोपी, दरवर्षी येणारी मदत हवी. पन्नास लाखांचे एकदाच दिलेले अनुदान आणि दरवर्षी वीस हजार, यांतून निवड करायची असेल तर शेकडो ठिकाणी मी वीस हजार निवडेन.

तेव्हा देणाऱ्यांना विनंती अशी: मंजूर रकमेचा एक ठरलेला हिस्सा काम संपल्यानंतरच्या दहा वर्षांसाठी बाजूला ठेवा, तो गावातल्या संस्थेच्या हाती द्या, आणि सहा वर्षांनी स्वतः जाऊन शेत पाहून या. पडीक दिसले तर दोष देण्याआधी आज्ञा बदला. आणि घेणाऱ्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनी, अर्ज लिहायला बसण्यापूर्वी एक प्रश्न आपापसांत सोडवावा: उद्घाटन करून पाहुणे गेल्यावर किल्ली कुणाकडे राहणार? त्या माणसाचे नाव सांगता येत नसेल, तर अर्ज करू नये.